मूकपटाचे मौन : शांतारामांचा आरंभकाळ आणि चवदार तळे

१९२० या वर्षी मराठी सार्वजनिक जीवनात ‘मूक’ या शब्दाला दोन अर्थ प्राप्त झाले. ३१ जानेवारीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले; त्याच वर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. एकात मुकेपण ही लादलेली सामाजिक अवस्था होती, दुसऱ्यात ती माध्यमाची मर्यादा. व्ही. शांताराम यांची मूकपटातील कारकीर्द या दोहोंच्या संदर्भात तपासणे आवश्यक आहे.

शांताराम कोल्हापुरात याच कंपनीत घडले. ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) त्यांनी सावकारामुळे जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणारा तरुण शेतकरी उभा केला. पुराणकथेत रमलेल्या पडद्यावर येथे समकालीन शोषण अवतरले. मात्र १९२७ मध्ये दिग्दर्शनास आरंभ करताना त्यांनी ‘नेताजी पालकर’ हा ऐतिहासिक विषय निवडला.

त्याच वर्षी, २० मार्चला, रायगडाच्या परिसरातील महाड येथे अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव आधीच केला होता. व्यवहारात तो मृतवत होता. त्या कृतीला मारहाणीने आणि तळ्याच्या ‘शुद्धी’ने उत्तर मिळाले. २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. शिवकाळाकडे वळलेल्या पडद्याला शिवाजी महाराजांच्या राजधानीच्या पायथ्याचा हा वर्तमान मात्र दिसला नाही.

याचे खापर केवळ परीक्षण मंडळावर फोडता येत नाही. मंडळाचा जाच खरा होता : प्रभातच्या ‘स्वराज्याचे तोरण’ला ‘उदयकाल’ (१९३०) हे नाव घ्यावे लागले. त्यात दिग्दर्शक शांताराम स्वतःच शिवाजी झाले होते. तथापि ज्या कलावंताने इतिहासाच्या आडून परकी सत्तेविषयी बोलण्याची वाट शोधली, त्याला जातिव्यवस्थेविषयी तशी वाट त्या काळात सापडली नाही. बाह्य बंधनाइतकेच प्रेक्षक-निर्माता वर्गाचे आंतरिक बंधनही प्रभावी होते.

ते काही अंशी शिथिल झाले बोलपटात. ‘धर्मात्मा’मध्ये (१९३५) अस्पृश्याघरी जेवणारे एकनाथ अवतरले; ‘महात्मा’ हे मूळ नाव तेव्हाही सोडावे लागले. परंतु येथेही कर्ता उदार संतच राहिला. महाडला मात्र तहानलेल्यांनी स्वतःच ओंजळ भरली होती. आश्रयदात्याची करुणा आणि हक्कदाराची कृती यांतील हे अंतर लक्षात घेतल्याविना शांतारामांच्या पुरोगामित्वाचे मूल्यमापन अपुरे ठरते.