चार्जबॅकचा इतिहास : डेटातला ‘१’ आला कुठून?

माझं संशोधन ऑनलाइन व्यवहारांतली फसवणूक ओळखणाऱ्या मॉडेलवर आहे. पहिलं वर्षभर डेटातल्या एका रकान्याकडे मी संशयाने पाहिलंच नाही. ‘१’ म्हणजे फसवणूक, ‘०’ म्हणजे चोख व्यवहार. एकदा गाइडनी विचारलं, “हा १ कोणी लिहिला?” मला उत्तर देता आलं नाही. ते शोधत मी थेट १९५८ सालात पोहोचलो.

त्या वर्षी बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० क्रेडिट कार्डं टपालाने घरोघरी पाठवली, कोणी मागितलेली नसताना. योजना राज्यभर पसरली तेव्हा चोरीची कार्डं आणि थकबाकी यांचा बँकेला मोठा फटका बसला. लोकांचा कार्डावर विश्वास बसायचा तर नुकसान कोणी सोसायचं हे ठरवणं भाग होतं. १९७० मध्ये अमेरिकेत न मागता कार्ड पाठवायला बंदी आली, आणि कार्डाचा गैरवापर झाला तर ग्राहकाची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर ठरली. १९७४ च्या ‘फेअर क्रेडिट बिलिंग’ कायद्याने बिलातल्या चुकीबद्दल ६० दिवसांत लेखी तक्रार करण्याचा आणि चौकशी होईपर्यंत वादातली रक्कम न भरण्याचा हक्क दिला.

ग्राहक सुटला, पण बुडीत रक्कम कोणाच्या तरी माथी जाणारच. कार्ड कंपन्यांच्या नियमांत त्यासाठी वाट होती, ती म्हणजे चार्जबॅक. ग्राहकाने तक्रार केली की त्याची बँक ती रक्कम विक्रेत्याच्या बँकेकडून परत ओढते आणि ती बँक विक्रेत्याच्या खात्यातून कापते. दुकानात निदान कार्ड समोर असायचं, सही घेतलेली असायची. टपाल, फोन आणि पुढे इंटरनेटवरच्या विक्रीत यातलं काहीच नाही. म्हणून अशा व्यवहारातला तोटा बहुतेक वेळा विक्रेत्याकडेच येतो. माल गेला, पैसे गेले, वर बँकेचं शुल्क.

ईबेवर अनोळखी माणसं एकमेकांना वस्तू विकू लागली तेव्हा पेपॅल मध्ये उभी राहिली, आणि चार्जबॅक तिच्यावर येऊन पडले. संस्थापकांपैकी पीटर थील यांनी लिहिलंय की २००० च्या मध्याला कार्ड-फसवणुकीत महिन्याला १ कोटी डॉलरहून जास्त जात होते. मॅक्स लेवचिन आणि सहकाऱ्यांनी मग संशयास्पद व्यवहार वेगळे काढून माणसाला दाखवणारी ‘इगोर’ ही प्रणाली केली. म्हणजे तोटा ज्याच्या माथी आला, त्यानेच तो पकडायचं यंत्र बनवलं.

भारतात रिझर्व्ह बँकेने वेगळा रस्ता धरला. १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची झाली. आपला ओटीपी तिथूनच अंगवळणी पडला.

आता त्या रकान्याकडे वळू. २०१९ मध्ये व्हेस्टा कंपनीने कॅगलवरच्या स्पर्धेसाठी खुला केलेला डेटा अनेकांनी वापरला असेल. त्यात ‘१’ लागतो तो मुख्यतः चार्जबॅकची नोंद झाली म्हणून. १२० दिवसांत तक्रार आली नाही तर व्यवहार ‘०’. पण माल मिळूनही “मिळालाच नाही” म्हणणारा ग्राहक ‘१’ तयार करतो, आणि ज्याने बिल नीट पाहिलंच नाही त्याची खरी फसवणूक ‘०’ मध्ये मुरून जाते.

माझंच उदाहरण घ्या. मी जुनी सायकल ऑनलाइन विकायला काढली होती. एकाने भाव न करता होकार दिला आणि क्यूआर कोड पाठवला, “स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.” पैसे घ्यायला पिन लागत नाही हे ऐन वेळी आठवलं म्हणून वाचलो. पिन टाकला असता तर ते पैसे मीच, माझ्या संमतीने दिलेले दिसले असते. मी तक्रार केली नसती तर माझं स्वतःचं मॉडेल त्या व्यवहाराला चोख म्हणायला शिकलं असतं!

म्हणून पीएचडीला येणाऱ्यांना सांगणं एवढंच : डेटासेट हाती आला की मॉडेल चालवण्याआधी लेबल कोणी, कोणत्या नियमाने आणि किती दिवसांनी लावलं ते लिहून काढा. मी हे उशिरा केलं. सध्या तिसरं प्रकरण पुन्हा लिहितोय, आणि त्यात ‘फसवणूक’ हा शब्द खोडून ‘नोंदलेला चार्जबॅक’ असं लिहितोय.