वराहमृगया : प्रथम प्रहाराचा अधिकार

झाशी संस्थान १८५४ मध्ये खालसा झाले. पुढे शिंद्यांच्या ताब्यात गेलेले झाशी शहर १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात इंग्रजांकडे परत आले. तेथील सदर बाजार हा, अन्य छावण्यांतील सदर बाजारांप्रमाणेच, पलटणींच्या नित्य गरजा भागविणारा होता. धान्य, दाणावैरण व माणूसबळ यांसाठी छावणी अशा बाजारावरच अवलंबून असे. उत्तर हिंदुस्थानातील छावणीजीवनाचा एक मानाचा खेळ म्हणजे घोड्यावरून भाल्याने केलेली रानडुकराची शिकार. मेरठचा कादिर चषक १८८३ मध्ये जिंकणाऱ्या रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १८८९ मध्ये या खेळावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याच्या भाल्याला प्रथम रक्त लागे त्याचाच मान आणि त्याचेच सुळे, हा या खेळाचा मुख्य संकेत.

प्रथम प्रहार कोणाचा, हाच प्रश्न भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ महाकाव्याच्या कथानकाला वळण देतो. मूक दानव वराहरूपाने येतो. अर्जुन व किरातवेषधारी शिव या दोघांचेही बाण त्याला लागतात आणि वाद उभा राहतो. मात्र दोहोंतील भेद मूलगामी आहे. महाकाव्यात वनवासी किरात हा राजपुत्राचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी असतो आणि अखेर तोच देव ठरतो. छावणीच्या खेळात गवतातून डुक्कर उठविणारा हाकारा या दाव्याचा पक्षकारच नसतो. त्याच्या वाट्याला मजुरी तेवढी येते. म्हणूनच वसाहतकालीन शिकारवाङ्मयाची मृगयाकाव्याशी तुलना करताना शौर्याच्या वर्णनापेक्षा अधिकाराचा हा प्रश्न अधिक उद्बोधक ठरतो.