विवाहवस्त्राचे जतन

विवाहसमारंभ पार पडल्यानंतर वधूच्या पोशाखाची स्वच्छता करून तो दीर्घकाळ टिकविण्याच्या क्रियेस विवाहवस्त्राचे जतन म्हणता येईल. समारंभात वस्त्राला घाम, अत्तर, खाद्यपेये व धूळ यांचा संसर्ग होतो. त्यांपैकी डोळ्यांना दिसणाऱ्या डागांपेक्षा न दिसणारे डाग पुढे अधिक घातक ठरतात. पाश्चात्त्य शुभ्र विवाहवस्त्राच्या इतिहासातून ही गोष्ट स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यूरोपातील बहुसंख्य वधू केवळ विवाहासाठी असा वेगळा पोशाख शिवीत नसत. आपला सर्वोत्तम, बहुधा रंगीत, पोशाख त्या विवाहात घालीत व नंतरही तो वर्षानुवर्षे वापरीत. रेशमी वस्त्र सहसा पाण्यात धूत नसत. त्याच्या आत घातलेले लिननचे अंतर्वस्त्र घाम शोषून घेई व तेच वारंवार धुतले जाई. तेलकट डागांवर शोषक माती, कोंडा किंवा टर्पेंटाइन वापरीत. पोशाख जुना झाला की, शिवण उसवून कापड उलटे करीत किंवा गडद रंगात रंगवून घेत. शुभ्र पोशाख स्वच्छ राखणे कष्टाचे व खर्चाचे असल्याने तो संपन्नतेचे चिन्ह मानला जाई.

१० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने विवाहात शुभ्र सॅटिनचा पोशाख घातला. त्याचे रेशीम लंडनमधील स्पिटलफील्ड्स येथे विणलेले होते, तर हॉनिटन पद्धतीची लेस डेव्हन परगण्यातील कारागीर स्त्रियांनी केली होती. या विवाहानंतर शुभ्र विवाहवस्त्राची प्रथा हळूहळू रूढ झाली. तथापि राणीने स्वतः आपली विवाहातील लेस पेटीत बंद करून ठेवली नाही. मूळ वस्त्रापासून ती सोडवून अनेक प्रसंगी राणीने वापरली. १८८५ मध्ये धाकटी कन्या बीॲट्रिस हिच्या विवाहातही ती वापरण्यात आली आणि राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त (१८९७) प्रसृत झालेल्या अधिकृत छायाचित्रातही ती दिसते. म्हणजे जपणूक व वापर ही परस्परविरोधी मानली जात नव्हती. एकाच दिवसासाठी शिवलेले व पुढे केवळ आठवण म्हणून ठेवलेले विवाहवस्त्र ही कल्पना नंतरच्या काळात सार्वत्रिक झाली.

पाण्याविना कापड स्वच्छ करण्याच्या तंत्रामुळे नाजूक शुभ्र वस्त्रांची निगा सुकर झाली. न्यूयॉर्कमधील शिंपी टॉमस जेनिंग्झ यांना १८२१ मध्ये अशा एका पद्धतीचे एकस्व मिळाले होते. परंतु १८३६ मध्ये अमेरिकेच्या एकस्व कार्यालयास लागलेल्या आगीत त्याचा तपशील नष्ट झाला. पॅरिसमधील झां बातीस्त जॉली या रंगाऱ्याने दिव्यातील तेल सांडल्यामुळे कापड स्वच्छ झाल्याचे पाहून निर्जल धुलाईचा (ड्रायक्लीनिंगचा) व्यवसाय सुरू केला, असे सांगितले जाते. आरंभीचे पेट्रोलासारखे विद्रावक ज्वालाग्राही असल्याने धुलाईगृहांत आगी लागत. १९३० नंतर न पेटणारे परक्लोरोएथिलीन प्रचारात आले. ते आरोग्यास घातक असल्याचे आढळल्यामुळे अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये धुलाईतील त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम जाहीर केला.

निर्जल धुलाईला एक महत्त्वाची मर्यादा आहे. तिच्या विद्रावकांत तेल व मेण विरघळतात. साखर मात्र विरघळत नाही. शँपेन किंवा सरबत सांडून वाळले की, डाग दिसेनासा होतो. पण साखर धाग्यातच राहते व काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तपकिरी होते. घामाच्या बाबतीतही असेच घडते. म्हणून कोठे काय सांडले, हे धुलाई करणाऱ्यास आधीच सांगणे व धुलाई लवकर करून घेणे आवश्यक असते.

काही वस्त्रांचा नाश मात्र त्यांच्या घडणीतच असतो. कच्च्या रेशमावरील सेरिसीन हा चिकट पदार्थ काढल्यावर त्याचे वजन सुमारे एक-चतुर्थांशापर्यंत घटते. ही घट भरून काढण्यासाठी व कापडाला भारदस्तपणा आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रेशमावर कथिलाच्या लवणांची प्रक्रिया करीत. असे भारित रेशीम काही दशकांतच ठिसूळ होऊन चिरत जाते. त्यावर धुलाईचा उपाय चालत नाही. उलट हानी वाढते. वस्त्र आडवे ठेवणे, त्यावर ताण न येऊ देणे व प्रकाश टाळणे, एवढेच हाती उरते.

वस्तुसंग्रहालयांतील अनुभवावरून घरगुती जतनाचे काही नियम ठरले आहेत. वस्त्र टांगू नये. आम्लरहित कागदात सैल गुंडाळून पेटीत ठेवावे. टाचण्या काढाव्यात, कारण त्या गंजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. हवाबंद पेटीत वस्त्राची तपासणीच करता येत नाही. वर्षातून एकदा वस्त्र उघडून घड्यांच्या जागा बदलाव्यात.

महाराष्ट्रातील पारंपरिक रीतींशी यांपैकी काही नियम जुळतात. शालू व पैठणी धुवट, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवण्याची व अधूनमधून घडी बदलण्याची पद्धत घरोघरी आढळते. अस्सल जर सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची असते. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे तिची चांदी काळवंडते. हळदीचा डाग क्षारधर्मी साबणाने लालसर होतो, पण उन्हात फिका पडतो. मात्र रेशीम उन्हाने कमकुवत होत असल्याने हा उपाय सुती वस्त्रापुरताच योग्य होय. जुनी जरीची वस्त्रे जाळून त्यांतील सोने-चांदी काढून घेण्याची चालही होती व तीमुळे विणकामाचे अनेक उत्तम नमुने कायमचे नाहीसे झाले.

विवाहवस्त्रात कापड, विणकाम, शिवणकला व कौटुंबिक रूढी यांचा पुरावा एकत्र आढळतो. हा पुरावा टिकणे किंवा नष्ट होणे हे पुष्कळदा समारंभानंतरच्या काही आठवड्यांत घेतलेल्या काळजीवर अवलंबून असते.