एका वाक्याची दुरुस्ती : अल्गोल ६० च्या अहवालाची कथा

१/ प्रोग्रामिंग भाषेच्या दस्तऐवजातील चुका सुधारणे हे काम सहसा कारकुनी समजले जाते. चिन्ह हलवावे, शब्द नीट करावा, की संपले. परंतु संगणकाच्या इतिहासात असा एक अहवाल आहे, ज्यात भर पडलेल्या एका वाक्याने भाषेचे सामर्थ्यच बदलले. हा थ्रेड त्या अहवालाविषयी.

२/ मे १९५८ च्या अखेरीस युरोप व अमेरिका येथील प्रत्येकी चार तज्ज्ञ झुरिक येथे एकत्र आले. कोणत्याही एका यंत्राशी बांधलेली नसेल अशी भाषा त्यांना घडवायची होती. तिचे नाव पुढे अल्गोल पडले. बैठकीत एक वाद मात्र विलक्षण पेटला, तो दशांशचिन्हावरून! अमेरिकेत टिंब लिहितात, युरोपात बहुतेक ठिकाणी स्वल्पविराम.

३/ तोडगा निघाला तो असा : भाषेची तीन रूपे मानावीत. एक संदर्भासाठी, दुसरे छपाईसाठी, तिसरे प्रत्यक्ष यंत्रासाठी. अर्थ एकच, मांडणी मात्र ज्याची त्याची.

४/ याचा परिणाम दूरगामी होता. अल्गोलला कोणत्याही एका यंत्राचा आधार उरला नाही. 'हे यंत्र जे करील ते प्रमाण' असे म्हणण्याची सोयच नव्हती. लिखित अहवाल हीच भाषा. म्हणून अहवालातील संदिग्धता ही भाषेतीलच संदिग्धता ठरे.

५/ हे अचूक ओळखले कोपनहेगनच्या पीटर नाउर यांनी. १९५९ पासून ते 'अल्गोल बुलेटिन' काढून शंका व सूचना एकत्र करीत होते. त्याच वर्षी जॉन बॅकस यांनी भाषेचे व्याकरण सूत्ररूपाने लिहिण्याची पद्धत मांडली. नाउर यांनी तिची चिन्हे अधिक सुवाच्य केली, घटकांना पूर्ण शब्दांची नावे दिली आणि तिच्या आधारे नव्या अहवालाचा मसुदा लिहिला.

६/ ११ ते १६ जानेवारी १९६० या काळात पॅरिसला तेरा जणांनी अल्गोल ६० चे स्वरूप ठरवले. चौदावे सदस्य विल्यम तुरान्स्की बैठकीच्या थोडेच आधी मोटारीच्या अपघातात मरण पावले होते. अहवाल त्यांच्या स्मृतीस अर्पण झाला. संपादनाची जबाबदारी नाउर यांच्याकडे आली.

७/ एक प्रश्न मात्र धूसर राहिला. प्रोसीजरने स्वतःलाच हाक मारावी काय? ५ चे क्रमगुणित म्हणजे ५ गुणिले ४ चे क्रमगुणित, ही व्याख्या स्वतःचाच आधार घेते. यालाच रिकर्जन म्हणतात. अशा प्रोसीजरसाठी वेगळा घोषणाशब्द असावा, हा प्रस्ताव पॅरिसला मतदानात फेटाळला गेला होता.

८/ फेब्रुवारी १९६० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमहून नाउर यांना दूरध्वनी आला. बोलणारे होते आद्रियान व्हान वाइनगार्डन व एट्सखर डाइक्स्ट्रा. त्यांनी एक वाक्य सुचवले. त्याचा आशय असा : प्रोसीजरच्या आत तिचे नाव अन्यत्र कोठे आले, तर ती प्रोसीजर पुन्हा चालवली जावी. नाउर यांना त्यातील धाडस व साधेपणा भावला. वाक्य अहवालात गेले आणि रिकर्जन भाषेत आले.

९/ जर्मनीचे फ्रिड्रिश बाउअर यांनी याला पुढे 'अ‍ॅमस्टरडॅमचा कट' म्हटले. आक्षेप निराधार नव्हता. समितीने ठरवलेले संपादकाने एका फोनवर बदलावे काय? दुसरी बाजूही तितकीच सबळ होती. अहवालात रिकर्जनला मनाई नव्हतीच. वाक्याने केवळ मौनाला अर्थ दिला. खुलासा कोठे संपतो व बदल कोठे सुरू होतो, हाच खरा पेच.

१०/ पुढच्या दुरुस्तीत ही सीमा काळजीपूर्वक आखली गेली. २ व ३ एप्रिल १९६२ रोजी रोमला बैठक झाली. ज्ञात चुका सुधारायच्या, संदिग्धता शक्य तेथे दूर करायची, परंतु भाषेत नवी भर घालायची नाही, असा नेम होता. सुधारित अहवाल जानेवारी १९६३ मध्ये छापला गेला. ते वादग्रस्त रिकर्जन त्यातही टिकले.

११/ त्याहून मोलाची गोष्ट प्रस्तावनेत आहे. जे सुटले नाही असे पाच मुद्दे तेथे नावानिशी नोंदवले आहेत. एक पाहा : फंक्शन चालताना बाहेरच्या 'अ' ची किंमत बदलत असेल, तर 'अ' अधिक ते फंक्शन यांची बेरीज किती? आधी कोणते पद मोजले, यावर उत्तर बदलते! १९६७ मध्ये डोनाल्ड क्नूथ यांनी उरलेल्या अडचणींची स्वतंत्र चिकित्सा केली, आणि १९७६ मध्ये आणखी एक सुधारित अहवाल निघाला.

१२/ सोळा वर्षे हा छोटासा दस्तऐवज तपासला जात होता. आज बॅकस व नाउर यांची ती सूत्रपद्धती असंख्य भाषांच्या व्याकरणात आढळते, आणि रिकर्जन प्रत्येक विद्यार्थी शिकतो. मुद्रितशोधकाची लेखणी कोठे चालली याइतकेच ती कोठे थांबली, हेही इतिहासाने नोंदवावे. रोमच्या त्या पाच मुद्द्यांनी नेमके तेच केले.