गळतीचा इतिहास

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कालचा नियम १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापून आला. एक चौरस सेंटीमीटरच्या दट्ट्यावर एक किलोचा भार दिला, तर शंभर चौरस सेंटीमीटरचा दट्ट्या शंभर किलो उचलतो. मात्र तो एक सेंटीमीटर चढायला लहान दट्ट्याला शंभर सेंटीमीटर उतरावे लागते. बळ वाढते, काम फुकट होत नाही.

मग जोसेफ ब्रामाच्या दाबयंत्राला १७९५ साल का उजाडले? अडचण नियमाची नव्हती, गळतीची होती. दट्ट्याभोवती बसवलेले चामड्याचे कडे दाब वाढताच अधिक घट्ट होई. या युक्तीचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातील कारागीर हेन्री मॉडस्लेला दिले जाते. पेटंट मात्र मालकाचे.

१८४९ मध्ये वेल्समधील ब्रिटानिया पुलाची अवजड लोखंडी नळी दाबयंत्राने चढवताना सिलिंडरच फुटला. रॉबर्ट स्टीफन्सनच्या आग्रहामुळे खाली लगोलग आधार रचला जात होता, म्हणून नळी वाचली.

पुढे पाण्याच्या जागी तेल आले. ते वंगणही देते आणि गंजही रोखते. १९५३ मध्ये जेसीबीचे पुढे भरणारे, मागे खोदणारे यंत्र आले. आज मराठीत कंपनीचे नाव हेच यंत्राचे नाव आहे. पण होजपाइप फुटला तर उचललेला बूम आजही कोसळू शकतो. म्हणून दुरुस्तीआधी तो जमिनीला टेकवायचा किंवा त्याला भक्कम आधार द्यायचा, हा दंडक. स्टीफन्सनने घालून दिलेला धडा तोच आहे.