शिसे भिंतीत, दोष आईच्या माथी

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात लहान मुलांचे हातपाय लुळे पडत, पोटात कळा येत, दृष्टी अधू होई. १९०४ साली तिथले नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी कारण सांगितले. व्हरांड्याच्या कठड्याला दिलेला शिशाचा रंग. उन्हाने त्याची पूड होई, ती मुलांच्या बोटांना लागे आणि तोंडात जाई. १९०९ साली फ्रान्सने घरांच्या रंगकामात सफेदा वापरण्यावर बंदी घालणारा कायदा केला.

अमेरिकेत घरगुती रंगावर देशव्यापी बंदी यायला १९७८ साल उजाडले. मधल्या काळात तिथे 'डच बॉय' रंगाची कंपनी मुलांना चित्रांच्या पुस्तिका वाटत होती! १९५०च्या दशकात शिसे उद्योगाच्या संघटनेचे मॅनफ्रेड बोडिच पत्रांतून लिहीत, की खरी अडचण झोपडपट्ट्यांची आणि शिकवूनही न शिकणाऱ्या आईबापांची आहे. हे आईबाप कोण? बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन. ही भाषा आपल्याला नवी नाही. 'त्यांच्यात स्वच्छताच नसते' हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. वस्तीत काम करताना मी आजही पाहते, मूल अभ्यासात मागे पडले की पहिला जाब आईला.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसात साधारण दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलात निम्म्यापर्यंत. अंगात लोह, कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. म्हणजे अर्धपोटी पोराला तेच विष अधिक बाधते. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजले. ते जास्त असलेली मुले वरून धडधाकट होती, पण बुद्धिमापनात आणि वर्गातल्या लक्षात मागे. आपल्याकडे मास्तर ज्यांना 'ढ' म्हणतात, तशी.

त्याआधी दहा वर्षे, १९६९च्या अखेरीस, न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये 'यंग लॉर्ड्स' या पोर्तोरिकन तरुणांच्या संघटनेने आईला जाब विचारला नाही, सरकारला विचारला. तपासणीचे संच शहराच्या आरोग्य खात्यात पडून होते. पोरांनी ठिय्या देऊन ते मिळवले आणि दारोदार जाऊन मुले तपासली. त्यांची प्रेरणा ब्लॅक पँथर. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले तेही तिथूनच.

भारतात घरगुती रंगातले शिसे ९० पीपीएमवर आणणारा नियम २०१६ साली निघाला, २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तो नव्या डब्यांसाठी आहे. जुन्या चाळींच्या भिंतींवरचे पोपडे कोणी आणि कोणाच्या पैशाने खरवडायचे, हे त्यात नाही.