काळा की लाल?

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराच्या पुढे गेले की हरसूल लागते. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर यांच्या पाड्यांचा हा मुलूख. भाताची खाचरे, दगडी बांध, कुडाच्या भिंती, कौलारू छपरे आणि पावसाळ्याआधी रचून ठेवलेला सरपणाचा ढीग. विंचवाला राहायला याहून काय हवे? अशा मुलखात विंचू चावल्यावर विचारायचा पहिला प्रश्न एकच : काळा होता की लाल? हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे कळायला विंचू जिवंत सांभाळावे लागले आणि रोग्याच्या उशाशी रात्री काढाव्या लागल्या.

आपल्याकडे इंगळी म्हणजे मोठा काळा विंचू, आणि धाक तिचाच मोठा. प्रत्यक्षात हिशेब उलटा आहे. इंगळीचे पुढचे चिमटे खेकड्यासारखे जाड असतात, शेपटी त्या मानाने बारीक. ती भक्ष्य पकडते ते चिमट्यांच्या जोरावर. तिच्या दंशाने वेदना होतात, पण जीव सहसा जात नाही. दोन-तीन इंचांच्या लाल विंचवाचे चिमटे नाजूक आणि शेपटी जाड. त्याची सारी भिस्त विषावर. गाव आकाराला भीत आले. भ्यायला हवे होते शेपटीला.

या लाल विंचवाचे शास्त्रीय वर्णन फाब्रिसियसने 1798 मध्ये केले. भारतातल्या विंचू-कोळ्यांची पद्धतशीर ओळख मात्र रेजिनाल्ड पोकॉकच्या 1900 सालच्या ग्रंथाने करून दिली. पोकॉक लंडनच्या संग्रहालयात बसून लिहीत होता. नमुने पाठवणारे इथले हौशी लोक होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (स्थापना 1883) सभासद आणि वनाधिकारी आर. सी. रॉटन हे त्यांतले एक. आधी मुंग्या, मग विंचू, असा त्यांचा छंद. एका काळ्या विंचवाला पोकॉकने त्यांचेच नाव दिले. पण मद्यार्कात बुडवलेला नमुना रूप सांगतो, विष सांगत नाही.

विषासाठी विंचू जिवंत हवा. 1899 मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झालेल्या परळच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेत पुढे सापांच्या जोडीने विंचवाच्या विषावरही प्रतिविष तयार होऊ लागले. पद्धत साधी पण कष्टाची. शेपटीला विजेचा हलका झटका दिला की नांगीच्या टोकावर थेंब येतो. एका विंचवाकडून मिळणारे विष मिलिग्रॅमच्याही अंशात मोजायचे. ते अत्यल्प मात्रेत वाढवत वाढवत घोड्याला टोचायचे, आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढायची. विंचू पाळणेही सोपे नाही. दोघांना एका भांड्यात ठेवले तर एक दुसऱ्याला खातो. खाणे झुरळे-नाकतोडे, तेही क्वचित. उपाशी राहून तो महिनेच्या महिने काढतो. पिले आईच्या पोटातून जिवंत येतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिच्या पाठीवर बसतात. अतिनील प्रकाशात विंचू हिरवट-निळा चमकतो, म्हणून रात्री तो शोधता येतो.

दुसरा धागा कोकणातला. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे, विशेषतः मुले, फुप्फुसात पाणी भरून दगावत होती. बावस्करांनी रोग्याशेजारी बसून लक्षणांचा क्रम टिपला : ओकारी, दरदरून घाम, थंडगार हातपाय, मग हृदयाची धाप. 1982 मध्ये ही निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये आली. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात काम-क्रोधाचा दंश होताच अंगाला घाम फुटतो. लोकांनी चारशे वर्षांपूर्वी पाहिलेली ती खूण आता रोगनिदानाचा भाग झाली.

या विषाने शरीर स्वतःच्याच उत्तेजक द्रव्यांच्या लोंढ्यात सापडते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते. वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध इथे चालेल, हे बावस्करांनी ओळखले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी 1986 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पश्चिम भारतात पूर्वी 25 ते 30 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण सुमारे 1 टक्क्यावर आले. पुढे महाडमध्ये 70 रोग्यांवर तुलना झाली. 2011 मध्ये ती 'बीएमजे'मध्ये छापून आली. नुसत्या प्राझोसिनवर 10 तासांत 35 पैकी 8 जण पूर्ण बरे झाले. सोबत प्रतिविष दिलेल्यांत 35 पैकी 32. गोळीने जीव वाचवला होता, आणि सांभाळलेल्या विंचवाच्या विषाने बरे होण्याचा वेळ कमी केला. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आज बरणीतला विंचू, कोळी, गोम हा जगभर शहरी छंद आहे. त्यात ओळखीची जागा किमतीने घेतली आहे. आंध्रातल्या गुटी इथे सापडलेला एक निळा कोळी पोकॉकने 1899 मध्ये एकाच नमुन्यावरून वर्णिला. पुढची शंभर वर्षे तो अभ्यासकांना दिसला नाही. 2001 मध्ये पुन्हा सापडला, तोवर त्याचे जंगल तुटत आले होते. थोड्याच काळात परदेशी शौकिनांच्या काचपेट्यांत त्याची पैदास होऊ लागली. 2019 मध्ये त्याच्या साऱ्या प्रजातीचा (जीनस) आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स'च्या नियंत्रणाखाली आला. रॉटन गोळा करत होते ते ओळखण्यासाठी. ही हौस विकत घेते.

हरसूलच्या पाड्यावर कुणी विंचू पाळत नाही, पाळूही नये. तिथे हवी ती फक्त ओळख. चिमटे बारीक, शेपटी जाड आणि रोग्याला घाम : एवढे दिसले की मंत्र, झाडपाला, घट्ट दोरी यांत वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. रंग अंधारात चुकतो, म्हणून विंचू दिसला नाही तरी घाम आणि ओकारी पुरेशी आहे. उशाजवळ बसून टिपलेले हे ज्ञान शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचले, तरच ते पूर्ण झाले म्हणायचे.